नाईक तलावची निजवणारी

"आठ-आठ पोट्टे टांगले आहेत त्या घरात, अन् एक रडत नाही! घर आहे का मसणवट? त्या बाईकडे लेकरू ठेवू नको म्हणून कितीदा सांगू वं तुले?"

"मंग तुमी ठेवा जी घरी. पाजा, धुवा, निजवा. मी जातो एकटी गिरणीत."

नत्थू आणि त्याची बायको गोपिका यांचं हे भांडण. ऐकणारी शेजारच्या घरातली पार्बताबाई. दोन घरांमधली भिंत कुडाची, बांबूच्या कमच्या आणि वरून शेणमाती. असल्या भिंतीला कान लावावा लागत नाही, भिंतच येऊन कानाला लागते. पार्बताबाई चुलीपुढे सांजची भाकर थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. कारण "ती बाई" म्हणजे तीच.

"अफीम चाटवते ती. साऱ्या मोहल्ल्याले माहीत आहे."

"मले काय आज माहीत झालं? दुपारच्या सुट्टीत पाजाले येतो तं पोरगी तोंड उघडत नाही, गाल चिमटा लागते तिचा. सारं माहीत आहे मले. पण दुसरीकडे कुठं नेऊ, ते सांगा. खात्यात नेली तं मुकादम हाकलते. तुमच्या एकट्याच्यानं घर चालते का? नाही ना? मंग? आता काहून चूप बसले जी?"

 हरलेला माणूस शेवटी शिवी देतो तसा नत्थू म्हणाला, "मारबत आहे ती. मारबत!"

मारबत म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरगावची सून आली की तिला सांगावंच लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. बांबू-कागदाची राक्षसीण. साऱ्या वर्षाची रोगराई, साऱ्या वर्षाचं वाईट तिच्या अंगावर लादायचं, ढोल बडवत तिला गावाबाहेर न्यायची आणि जाळायची. मोठ्या मारबती मोठ्या मिरवणुकीच्या, पण गल्लीगल्लीतली पोरंही आपापली लहान मारबत करतात. तेव्हा शिवी काही लहान नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिकेला उशीर झाला. मग लेकरू घेऊन कोण आलं? नत्थूच आला. चार महिन्यांची चंद्री, फडक्यात गुंडाळलेली. पार्बताबाईच्या हातात देताना त्यानं वर पाहिलं नाही.

"काकी," तो म्हणाला, "उलीसं देजो. जास्त नको."

"बरं गा," पार्बताबाई म्हणाली. कालचं ऐकलेलं तिनं पोटात ठेवलं. हसू मात्र तिला आलं. सांजच्याला मारबत आणि सकाळी काकी, असे ते दिवस होते.

पार्बताबाई मूळची उमरेडकडची. लग्न होऊन नाईक तलावच्या कोष्ट्यांत आली तेव्हा घरात माग चालू होता, रेशीमकाठी लुगडी निघत होती. मग गिरणीचं कापड स्वस्त झालं आणि माग बसला. प्लेग आला, नवरा गेला. पदरात एक पोरगा. ती गिरणीत रिळाच्या खात्यात लागली. पोरगा सासूजवळ राही, आणि सासू त्याला रोज सकाळी अफू चाटवी. त्यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटत नसे. सरकारी ठेक्यावर उघड मिळायची. म्हाताऱ्याच्या खोकल्याला, बाईच्या पोटदुखीला आणि लेकराच्या रडण्याला औषध एकच. पोरगा त्या अफूवर वाढला आणि चांगला दाराएवढा झाला. पुढं राजनांदगावच्या गिरणीत लागला आणि तिकडचाच होऊन बसला. म्हणजे अफूनं लेकरू मरतं हे पार्बताबाईनं पाहिलं नव्हतं. अफूवर वाढलेलं लेकरू आईला विसरतं, एवढंच तिनं पाहिलं होतं.

कापसाची बारीक धूळ छातीत बसून तिला खोकला लागला. खात्यात उभी राहू शकेना, तेव्हा घरी बसली. गल्लीतली यमुना म्हणाली, "काकी, बसलीच आहे तं माह्या पोट्ट्यावर नजर ठेवजो." एकाची दोन झाली, दोनाची आठ. घर एका खोलीचं, पुढं ओसरी. वरच्या मयालीला, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाला, जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. बाया गिरणीच्या भोंग्याआधी येत, दारातूनच लेकरू हातात देत आणि पळत सुटत. पार्बताबाई सहाणेवर काळा खडा उगाळी, करंगळी बुडवी, एकेकाच्या तोंडात देई आणि झोळीत टाकी. ऊन ओसरीवर यायच्या आत घर गार.

ते गारपण लोकांना खायचं. दारावरून जाणारा माणूस आपोआप आवाज खाली करी. भाजीवाली तिथं ओरडत नसे. बाहेर तलावावर धुणं आपटल्याचा आवाज आणि आत फक्त झोळ्यांच्या दोऱ्या करकरायच्या. पार्बताबाईला सवय झाली होती. तरी मधूनच ती उठून एकेका नाकाखाली बोट धरी. श्वास लागला की पुढची झोळी. दिवस असा जाई. आठ जीव टांगून ठेवून बाई जाणार कुठं? लग्नाला नाही, मर्तिकाला नाही, राजनांदगावला तर नाहीच. एकदा पोराकडून निरोप आला, नातू झाला म्हणून. तिनं आठ घरी विचारलं, दोन दिवस कोणी ठेवेल का. कोणी ठेवलं नाही. नातू तिनं पाहिला नाही.

श्रावणातली गोष्ट. गोपिका दुपारच्या सुट्टीत धापा टाकत आली, चोळीची गाठ सोडली, चंद्रीला झोळीतून उचललं. मान मागे पडली.

तिनं गाल चिमटला. पुन्हा चिमटला. मग जी ओरडायला लागली ती तलावापलीकडे ऐकू गेली. पार्बताबाईनं लेकरू ओढून घेतलं, तळपाय चोळले, तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. काही नाही. अंग अजून कोमट होतं.

ओरडता ओरडता गोपिका मध्येच थांबली आणि तिनं पार्बताबाईकडे पाहिलं. ते पाहणं शिव्या देणाऱ्या बाईचं नव्हतं. तिला काही विचारायचं होतं, का सांगायचं होतं. पण तेवढ्यात नत्थू धावत आला, माणसं जमली, आणि ते राहून गेलं.

पोलिसात कोणी गेलं नाही. गेलं असतं तर आठही घरांना जबाब द्यावा लागला असता. नत्थूनं मात्र दारात उभं राहून गल्लीदेखत सांगितलं, "माह्या पोरीले हिनं मारलं." पार्बताबाई असं म्हणाली नाही की मी नाही मारलं.  लोकांनी आपापल्या सोयीनं समजून घेतलं.

दोन-तीन दिवस झोळ्या रिकाम्या राहिल्या. मग यमुना आली. लेकरू पुढं, तोंड दुसरीकडे.

"मी आता ठेवत नाही वं," पार्बताबाई म्हणाली. "दुसरी पाहा कोणी."

"दुसरी कोण? सासूजवळ ठेवलं तं काल चुलीत हात घातला यानं. पाह्य." यमुनेनं लेकराचा भाजलेला हात दाखवला. "तू मारबत असशील काकी, पण गिरणीच्या वाटेवरची मारबत तूच एक आहे."

पार्बताबाईनं हात पाहिला आणि लेकरू घेतलं. आठवड्याभरात बाकीचीही परत आली. तिला सुटायचं होतं, हे खरं. पण सुटणार कशी? ती सुटली असती तर आठ बाया अडकल्या असत्या, आणि त्या तिला अडकवल्याशिवाय कामावर जाऊ शकत नव्हत्या. फरक एवढाच झाला की बाया आता दारात घडीभर बोलत थांबत नसत.

पोळा आला. त्या दिवशी गल्लीतली पोरं मारबतीसाठी घरोघर चिंध्या मागत फिरली, जुनं कापड, फुटकी टोपली, झिजला खराटा. पार्बताबाईच्या दारातही आली. तिनं एक विटकं हिरवं लुगडं काढलं, फाटलं होतं तिथं दोन टाके घातले आणि म्हणाली, "नीट नेसवजा पोट्टेहो. मारबत झाली म्हणून काय उघडी पाठवाची?" पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लुगडं घेऊन पळाली.

दुसऱ्या दिवशी ढोल गल्लीत शिरला तेव्हा तिला कळलं. तिनं दार बोटभर उघडलं. काळं तोंड, लाल जीभ, अंगावर तिचंच हिरवं लुगडं. एका हातात चिंध्यांचं बाळ. दुसऱ्या हाताची करंगळी बाहेर काढलेली, लांबच लांब आणि काळी रंगवलेली. पुढं नत्थू चालला होता. मारबत त्यानंच बांधली होती. विणकराचा हात तो, काम सुबक होतं. हे पार्बताबाईला कबूल करावंच लागलं.

"खोकला घेऊन जाय वं मारबत! गोवर घेऊन जाय वं मारबत! लेकरं निजवणारीले घेऊन जाय वं मारबत!"

बायांच्या घोळक्यात गोपिका होती. सगळ्यांबरोबर तिचंही तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज निघत होता की नाही, कोण जाणे.

गिरणी त्या दिवशीही चालू होती. ज्यांना सुट्टी मिळाली ते मिरवणुकीत, ज्यांना नाही मिळाली त्यांची लेकरं झोळीत. ढोल अगदी दारासमोर आला. ताशा असा कडाडला की मयालीवरची माती खाली पडली. झोळ्यांतलं एकही लेकरू जागं झालं नाही. बाहेरच्या मारबतीला पार्बताबाई भ्याली नव्हती. आता मात्र ती झोळ्यांच्या मधोमध खालीच बसली.

पुढच्या वर्षी गोपिकेला दुसरी पोरगी झाली. रुखमा. ती दीड महिन्याची झाली आणि गोपिका तिला घेऊन एके दिवशी उजाडता उजाडता दारात उभी राहिली. इतर बाया अजून यायच्या होत्या.

"हिले देजो नको," ती म्हणाली.

"मंग आणतं काहून?"

"दुसरीकडे कुठं नेऊ?"

पार्बताबाईनं हात पुढं केले नाहीत. गोपिका उंबरठ्यावरच बसली. मग पलीकडे भिंतीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "काकी, त्या दिवशी पहाटे मीनंही देलं होतं. चंद्रीले. रातभर रडली. तिच्या बापाले झोप नाही, मले झोप नाही. घरातल्या डब्बीतलं उलीसं चाटवलं. तुले सांगाचं होतं. पण भोंगा झाला अन् पोरगी तुह्या हातात टाकून पळाली मी."

पार्बताबाईनं करंगळी नाकाशी नेली.

"वास आला होता मले," ती म्हणाली. "पोरीच्या तोंडाले. मी चाटवाच्या आधीच आला होता."

"अन् तरी देलं तू?"

"मले तो माह्याच बोटाचा वाटला वं. माहं बोट किती वर्षांचं तसंच वासते. भाकर खातो तरी तोच वास, देवाले हात जोडतो तरी तोच वास."

 रुखमा आईच्या मांडीवर हातपाय झाडत होती.

"मी चंद्रीच्या बापाले सांगून टाकतो," गोपिका म्हणाली. "म्हणतो, जाळाची असंल तं मले जाळा."

"काही सांगू नको. तुले त्या घरात राहाचं आहे, त्याच्या ताटात वाढाचं आहे. माहं काय, नाव पडूनच गेलं. अन् खरं सांगू? मारबत म्हणतात तेव्हापासून एकही बाई सांजच्याले लेकरू न्याले उशीर नाही करत."

गोपिकेला रडता रडता हसू आलं आणि हसू आलं म्हणून आणखी रडू आलं.

आता कोणी म्हणेल, केवढं मोठं मन! तसंही नव्हतं. गोपिकेचं खरं बाहेर आलं असतं तर प्रत्येक घरात विचारणा झाली असती, घरी किती देता, तिथं किती देते. पार्बताबाईजवळ सांगायला माप नव्हतं, करंगळी होती. झाकलेलं झाकून राहण्यात तिचाही जीव गुंतला होता. तिनं हात पुढं केले आणि रुखमाला घेतलं.

अफू न देता आठांच्या घरात एक लेकरू सांभाळायचं तर जागा एकच, कमरेवर. सकाळच्या भोंग्यापासून सांजच्या भोंग्यापर्यंत रुखमा कमरेवर. भाकर थापायची ती एका हातानं, झोळ्यांना झोका द्यायचा तो एका हातानं. पोरगी पोटशूळानं रडे, दातांनी रडे, काही नसलं तरी आवाज छान निघतो म्हणून रडे. पहिल्यांदा ती रडली तेव्हा भाजीवाली टोपली डोक्यावर तशीच धरून थबकली. "बाप्पा! या घरात लेकरू रडलं?"

यमुनेच्या डोळ्यातून हे सुटणार नव्हतं. एका सांजेला ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गोपिकेच्या पोरीले देत नाही, अन् माह्या पोट्ट्याले काहून देतं?"

"माही कंबर एकच आहे वं, यमुने."

"मंग माह्या पोट्ट्यानं काय पाप केलं?"

 यमुना रागारागानं लेकरू घेऊन गेली आणि चार दिवसांनी घेऊन आली. तो प्रश्न मात्र घरातच राहिला. सकाळी सहाणेवर खडा उगाळताना कमरेवरची रुखमा वाकून वाकून पाही. पार्बताबाई तिचं तोंड दुसरीकडे वळवी, आणि मग करंगळी दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात देई. एकीला जागं ठेवायचं म्हणून बाकीच्यांना जरा लवकर निजवावं लागे, हेही तिला कळत होतं.

इकडे मोहल्ल्याला ती मारबत आवडून गेली होती. पोरांना दरवर्षी नवं सुचत नाही. ती येत, पार्बताबाई लुगडं देई. रुखमा वर्षाची झाली त्या पोळ्याला तिच्याजवळ फाटकं असं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं रोज नेसायचं जांभळंच देऊन टाकलं. स्वतः ठेवणीतलं काढून नेसली.

ढोल आला. नत्थूला त्या दिवशी सुट्टी होती, रुखमा त्याच्या खांद्यावर होती. पार्बताबाई दाराच्या फटीतून पाहत होती. मारबत उचलणारी पोरं मिरवणुकीत पुढं आली आणि मारबत डुलत डुलत नत्थूच्या अंगाशी आली. रुखमानं ते जांभळं लुगडं पाहिलं. तो पदर तिनं वर्षभर चघळला होता. दोन्ही हात पसरून ती अशी झेपावली की नत्थूच्या हातून सुटता सुटता राहिली. पदर मुठीत धरला आणि मारबतीच्या कमरेशी तोंड घासायला लागली.

गल्ली हसली. "नत्थू, तुही पोट्टी मारबतीची झाली गा!"

नत्थू हसला नाही. त्यानं तिची मूठ सोडवली. पोरीनं आकांत मांडला. मारबत पुढं निघाली तशी पोरगी तिच्यामागे हात पसरून पसरून रडायला लागली. ढोलवाला एकदा मागे वळून पाहून पुढं गेला. मारबत जळायला गेली आणि नत्थू मागे राहिला.

तो दाराशी आला तेव्हा पार्बताबाईनं दार उघडलंच होतं. रुखमा तिच्याकडे गेली आणि चूप झाली. नवं लुगडं हुंगून पाहिलं, पसंत पडलं नाही, पण राहिली.

चंद्री गेल्यापासून नत्थू पार्बताबाईशी एक शब्द बोलला नव्हता.

"हिले काहीच देत नाही का तू?" त्यानं विचारलं.

"नाही."

"अन् चंद्रीले?"

"देलं."

"किती?"

"साऱ्याइले देतो तेवढंच."

"मंग बाकीचे काहून नाही मेले? तीच काहून मेली?"

नत्थूच्या मागे गोपिका येऊन उभी होती. घोळक्यातून धावत आली होती. तिनं दाराची चौकट धरली, तोंड उघडलं. आता ती सांगणार हे पार्बताबाईला दिसलं. ती तिच्याआधी बोलली.

"बोट चुकलं गा माहं. त्या दिवशी बोट चुकलं."

नत्थू तिच्या हाताकडे पाहत राहिला. त्या हाताची पाची बोटं त्याच्या पोरीच्या पाठीवर होती.

"एवढं तवाच म्हटलं असतं तं..." तो म्हणाला. पण तेव्हाच म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते त्यालाही सांगता आलं नाही. तो ओसरीवर डोकं धरून बसला. ढोल दूर गेल्यावर उठला आणि गेला. पोरीला परत मागितलं नाही.

पार्बताबाई खोटं बोलली का? तिचं तिलाच माहीत नव्हतं. त्या सकाळी बोट नेहमीसारखं बुडलं होतं का जरा जास्त, हे ती मरेपर्यंत आठवत राहिली. कधी वाटे, गोपिकेचं आणि माझं मिळून झालं. कधी वाटे, माझं एकटीचंच पुरेसं होतं.

गोपिका त्यानंतर कितीतरी महिने तिच्याशी बोलली नाही. लेकरू देई, नेई, मान वर करीत नसे. जी बाई आपल्यासाठी मध्ये पडली तिच्या डोळ्याला डोळा देणं शिव्या देण्यापेक्षा जड जातं. नत्थूनं मारबत बांधणं सोडलं. पोरं आपल्या हातानं बांधत, पण तोंड बोकडासारखं होई आणि कोणाची मारबत आहे ते ओरडून सांगावं लागे. दोन-तीन वर्षांत तेही राहिलं.

रुखमा चालायला लागली, कमरेवरून उतरली. कंबर दुसऱ्या दिवशीही रिकामी राहिली नाही. यमुनेचं धाकटं त्या जागी बसलं. त्यानंतर कोणी ना कोणी असेच. एक कमरेवर, बाकी झोळीत. आता कमरेवर कोण, हे पार्बताबाईला ठरवावं लागे. जे सगळ्यात अशक्त दिसे त्याला ती उचली. बायांना हे कळलं आणि मारबतीच्या घरी मुगवड्या यायला लागल्या, पापड यायला लागले. ती पापड परत पाठवी. "पापडानं कंबर रुंद होत नाही," म्हणे. पण कमरेवरच्याची नजर चुकवून दुसऱ्या लेकराच्या तोंडात बोट द्यायचं, हे काही कोणत्या दिवशी चुकलं नाही. पूर्वी ती सरसकट निजवायची, तेव्हा रात्री झोप यायची. निवडायला लागली तेव्हापासून झोप गेली. लोकांनी तिला थोडी अफू घेऊन पाहायला सांगितलं. तिनं ती स्वतः कधी तोंडात घातली नाही.

पुढं गिरणीनं पाळणाघर काढलं. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, दुधाच्या बाटल्या, रंगवलेले पाळणे. कायमच्या बायांची लेकरं तिकडे गेली. बदलीवर जाणाऱ्यांची, कागदावर नाव नसलेल्यांची पार्बताबाईकडेच राहिली. रुखमा मोठी झाली, तिला पारशिवनीला दिली. माहेरी आली की ती आधी शेजारच्या ओसरीवर चढे, मग स्वतःच्या घरी. नत्थू ते पाही.

जगाची दुसरी लढाई सुरू झाली त्या वर्षी पार्बताबाई गेली. निजल्या जागी गेली. सकाळी बाया लेकरं घेऊन आल्या तर दार लागलेलं. कडी वाजवली, हाका मारल्या. भोंगा झाला तशा दोघीजणी लेकरं कमरेवर घेऊन तशाच गिरणीच्या वाटेला लागल्या आणि फाटकावरून परत पाठवल्या गेल्या. खांदा द्यायला जी चार माणसं लागली त्यात नत्थू होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

जायच्या आदला दिवस बुधवार होता, आणि बुधवारी ती अफूच्या ठेक्यावर जाई. झोळ्यांजवळ गोपिकेला बसवलं. तीही आता गिरणी सोडून घरीच असे. कमरेवरच्या लेकराला सोबत घेतलं. मुलगा होता, सहा महिन्यांचा, नाकानं वाहता. इतवारीच्या बाजूनं चालत गेली. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण वाट पायाला पाठ होती. ठेक्यावरचा भैयाजी तिला वर्षानुवर्षं ओळखत होता.

"काय वं बाई, किती लेकरं उरले?"

"तीन. अन् हे एक."

"मंग चाराचं देऊ?"

"तिघाइचंच दे गा."

त्यानं काटा धरला, काळा खडा तोलला, पानात बांधला. तिनं पुडी पदराच्या टोकात घातली, गाठ दातांनी आवळली, घसरलेलं लेकरू नीट वर ओढून घेतलं, आणि दुपारच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत घरी आली.